काचेचा डावा कोपरा: एमएच-१२, टोलनाका आणि स्टिकरांचा इतिहास

(हा एपिसोड ज्यांना ऐकण्याऐवजी वाचायचा आहे त्यांच्यासाठी. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ओके' थोडे कमी केलेत, बाकी मजकूर तसाच.)

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा काय विषय आहे? गाडीवर स्टिकर कुठे चिकटवायचं, एवढंच? हो, एवढंच. पण ऐका.

पुण्याहून साताऱ्याकडे निघालात की कात्रजचा नवा बोगदा, शिंदेवाडी, वेळू, मग खेड-शिवापूर. तिथला टोलनाका ओलांडला की शिवरे, आणि मग वरवे. वरवे खुर्द आणि वरवे बुद्रुक. बुद्रुक म्हणजे मोठं, खुर्द म्हणजे धाकटं, दोन्ही शब्द फारसीतून आलेले. तालुका भोर, खोरं शिवगंगेचं. आणि गावाला लागून पूर्वीचा एनएच-४, आताचा एनएच-४८, रात्रंदिवस धडधडतोय.

या हायवेच्या कडेला चहा घेत दहा मिनिटं फक्त गाड्यांच्या काचा बघा. एका कोपऱ्यात हातभर 'आई-बाबांचा आशीर्वाद'. मध्यभागी, आरशाच्या मागे फास्टॅग. आणि ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, वरच्या कोपऱ्यात, एक छोटं चकचकीत स्टिकर, ज्यावर गाडीचाच नंबर बारीक अक्षरात लिहिलाय. 'आशीर्वाद' कुठे लावायचा हे मालकाने ठरवलं. बाकीच्या दोघांची जागा दुसऱ्या कुणीतरी ठरवली. कुणी, आणि तीच जागा का?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकायला सोपं जाईल. स्टिकरची जागा ठरते ती वाचणारा कुठे उभा आहे त्यावरून. आणि वाचणारा बदलला की कुणाचातरी फायदा होतो आणि कुणाचातरी खिसा कापला जातो. वरवे परिसरातल्या लोकांना हे कुठल्याही पुस्तकापेक्षा चांगलं कळलंय. त्यांच्याकडे येऊच, पण आधी थोडं मागे जाऊ.

गाडीला नंबराची पाटी लावायची सक्ती पहिल्यांदा केली पॅरिसच्या पोलिसांनी, १८९३ साली. ब्रिटनमध्ये १९०३ चा मोटार कार कायदा आला आणि १ जानेवारी १९०४ पासून पाट्या लागल्या. कारण साधं होतं. घोडागाडीने कुणाला धडक दिली तर गाडीवान पळून पळून जाणार किती? गावात सगळे ओळखायचे त्याला. मोटार मात्र धूळ उडवून दहा मिनिटांत दुसऱ्या गावात. चेहरा दिसला नाही तरी नंबर दिसला पाहिजे. म्हणजे पाटीचा पहिला वाचक कोण? रस्त्यावर उभा असलेला, धूळ खाल्लेला माणूस.

आपल्याकडे १९१४ चा मोटार वाहन कायदा आला, मग १९३९ चा, मग १९८८ चा. हा शेवटचा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि त्याच्यासोबत आली आजची नंबरांची पद्धत. आधी महाराष्ट्रात 'एम'ने सुरू होणारी तीन अक्षरं आणि पुढे चार आकडे असायचे. ते वाचून गाडी कुठल्या जिल्ह्याची हे सांगायला जाणकार लागायचा. १९८९ नंतर शाळकरी पोरंही सांगू लागली. एमएच-०९ कोल्हापूर, एमएच-११ सातारा, एमएच-१२ पुणे, एमएच-१४ पिंपरी-चिंचवड. भोर संस्थान १९४८ च्या मार्चमध्ये विलीन झालं आणि भोर पुणे जिल्ह्यात आला, म्हणून आज भोरच्या गाडीलाही एमएच-१२. आणि बघता बघता तो नुसता कोड राहिला नाही. "कुठलं पासिंग आहे?" हा आपल्याकडे "कुठले तुम्ही?" या प्रश्नाचाच दुसरा प्रकार झाला. घाटात कुणी चुकीचं ओव्हरटेक केलं की पहिल्यांदा पासिंग बघायचं आणि मग त्या अख्ख्या जिल्ह्याला शिव्या घालायच्या, ही आपली राष्ट्रीय सवय.

हे लक्षात ठेवा: एमएच-१२ म्हणजे 'मी इथला'. पुढे हेच दोन आकडे टोलनाक्यावर कामाला येणार आहेत.

पाटी नंबर सांगते, पण मालकाने टॅक्स भरलाय का हे सांगत नाही. त्यासाठी वेगळा कागद लागला. ब्रिटनमध्ये १९२१ पासून काचेवर एक गोल चकती लावायची सक्ती झाली. त्यांच्याकडे तिला टॅक्स डिस्क म्हणायचे. ती लावायची डाव्या बाजूला. डावीच का? कारण तिथे गाड्या रस्त्याच्या डावीकडून चालतात, फुटपाथ डावीकडे येतो, आणि पोलीस फुटपाथवरून चालतो. गाडी कडेला उभी असली की काचेचा डावा कोपरा त्याच्या नाकासमोर. शिवाय ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे त्याच्या नजरेआड काही येत नाही. एका छोट्या जागेत दोन्ही प्रश्न सुटले. ही चकती १ ऑक्टोबर २०१४ ला बंद झाली, कारण तोवर पोलिसांच्या कॅमेऱ्याला नंबर वाचून कॉम्प्युटरला विचारता येऊ लागलं होतं.

आपल्याकडेही हीच भानगड होती. मुंबई मोटार वाहन कर कायदा १९५८ चा. टॅक्स भरला की टोकन मिळायचं, आणि ते गाडीवर दिसेल असं लावायचं. तुमच्या आजोबांची जुनी बुलेट किंवा स्कूटर कुठे पडून असेल तर बघा, पुढच्या बाजूला काचेचं झाकण असलेली छोटी गोल डबी सापडू शकते. अनेकांना ती रिकामी डबी कशासाठी आहे हेच माहीत नसतं. मी एका ठिकाणी त्यात साईबाबांचा फोटो बसवलेला पाहिलाय. पुढे खासगी गाड्यांचा टॅक्स एकदाच, गाडी घेतानाच भरायची पद्धत आली आणि दरवर्षीचं टोकन गेलं.

आता अमेरिकेचा एक किस्सा, कारण स्टिकर थेट नंबर प्लेटवर चिकटवण्याची सवय तिथलीच. तिथे अनेक राज्यांत दरवर्षी नवी कोरी प्लेट मिळायची. दुसरं महायुद्ध सुरू झालं, लोखंड-पोलाद रणगाड्यांना लागायला लागलं, मग राज्यांनी सांगितलं, जुनीच प्लेट ठेवा, त्यावर वर्षाचा छोटा तुकडा लावा किंवा काचेवर स्टिकर लावा. युद्ध संपलं, सवय राहिली. मग लोकांना प्रश्न पडला, प्लेटच्या कुठल्या कोपऱ्यात? कॅलिफोर्नियात महिना डाव्या वरच्या कोपऱ्यात, वर्ष उजव्या वरच्या. आणि मग चोर आले. दुसऱ्याचं स्टिकर सोलून आपल्या प्लेटवर लावलं की वर्षाची फी वाचली! सोलता येत नसेल तर काही महाभाग प्लेटचा कोपराच कात्रीने कापून न्यायचे. यावर लोकांनी तोडगा काढला. स्टिकर लावलं की त्यावर ब्लेडने आडव्या-उभ्या चिरा मारायच्या. सोलायला गेला की तुकडे तुकडे.

जर्मनीत याहून मजा. मागच्या प्लेटवर एक गोल स्टिकर असतं, त्यावर घड्याळासारखे बारा आकडे. जो आकडा सगळ्यात वर, बाराच्या जागी, त्या महिन्यात गाडीची तपासणी करून घ्यायची, आणि रंगावरून वर्ष कळतं. मागून येणाऱ्या पोलिसाला फक्त रंग बघून कळतं की याची मुदत संपली. तिथे वाचणारा मागे आहे, म्हणून स्टिकर मागे.

बरं, आता परत घरी येऊ.

त्या ब्लेडच्या चिरा लक्षात आहेत ना? नेमकी तीच युक्ती सरकारने आपल्याकडे कारखान्यात बनवून घेतली. २००१ साली केंद्राने हाय सिक्युरिटी प्लेटचा नियम काढला, ज्याला आपण एचएसआरपी म्हणतो. त्याआधी नंबर प्लेट म्हणजे काय होतं? आरटीओबाहेरचा रेडियमवाला. गाडी चोरली, शंभर-दोनशे रुपये दिले, पाच मिनिटांत नवा नंबर. गुन्ह्यात वापरलेल्या गाड्यांचे नंबर खोटे निघायचे. म्हणून नवी प्लेट ॲल्युमिनिअमची, एक मिलिमीटर जाडीची, त्यावर वीस बाय वीस मिलिमीटरचा अशोकचक्राचा होलोग्राम, निळ्या रंगात 'आयएनडी', लेझरने कोरलेला वेगळा क्रमांक, आणि मागची प्लेट अशा लॉकने बसवलेली की काढायची तर लॉक तोडावंच लागतं.

आणि तिसरी प्लेट! गाडीला दोन नाही, तीन प्लेटा असतात हे बहुतेकांना माहीत नाही. तिसरी म्हणजे तेच काचेवरचं चकचकीत स्टिकर. शंभर बाय साठ मिलिमीटर, त्यावर गाडीचा नंबर, कुठल्या आरटीओची, इंजिन नंबर, चासी नंबर आणि प्लेटांवर लेझरने कोरलेले क्रमांक. काढायला गेलात की ते स्वतःच फाटतं. म्हणजे प्लेटा बदलल्या तरी काच खरं बोलते. टू-व्हीलरला तशी काचच नाही, म्हणून तिला दोनच.

जागा कुठली? डावा वरचा कोपरा. तीच ब्रिटिश टॅक्स डिस्कची बाजू, फक्त खालचा कोपरा सोडून वर चढलेली. डावा म्हणजे ड्रायव्हरच्या डाव्या हाताचा, बरं का. समोर उभं राहून बघितलं तर तो उजवीकडे दिसतो. आणि स्टिकर काचेच्या आतून लावायचं असतं, म्हणजे पावसाने आणि धुणाऱ्या पोरांनी खराब होत नाही.

२०१८ मध्ये या स्टिकरला रंग आला. एम. सी. मेहता यांच्या गाजलेल्या प्रदूषणाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १३ ऑगस्ट २०१८ ला दिल्ली परिसरासाठी रंगीत स्टिकरांना मान्यता दिली. पेट्रोल-सीएनजीला फिकट निळा, डिझेलला नारिंगी. दिल्लीत धुरकं वाढलं की डिझेल गाड्या अडवायच्या, पण पोलिसाने प्रत्येकाचं आरसी बुक मागायचं की काय? काच बघितली की झालं. नंतर बीएस-सिक्स गाड्यांसाठी वरच्या कडेला एक सेंटिमीटरची हिरवी पट्टी आली, १ ऑक्टोबर २०२० पासून. तुमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये आज जाऊन बघा, कोणती गाडी कुठल्या इंधनावर चालते हे बॉनेट न उघडता सांगाल.

आता २००१ चा नियम, आणि महाराष्ट्रात जुन्या गाड्यांना तो लागू करायची धावपळ कधी? २०२५! मध्ये चोवीस वर्षं गेली. टेंडरवरून कोर्टकज्जे झाले, सुप्रीम कोर्टाने राज्यांना वारंवार झापलं, शेवटी १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला कंपनीच प्लेट देऊ लागली. त्याआधीच्या जुन्या गाड्यांसाठी महाराष्ट्राने दर ठरवले, टू-व्हीलरला ४५०, तीनचाकीला ५००, चारचाकीला ७४५, वर जीएसटी. मुदत मार्चअखेर, मग पुढे, मग अजून पुढे, अशी करत करत डिसेंबर २०२५ पर्यंत गेली. मुदत वाढणार हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी घाई केली नाही, आणि कुणी घाई केली नाही म्हणून मुदत वाढली.

एचएसआरपीने एका लोककलेचा मात्र घात केला. आकड्यांची. ४१४१ नंबर घ्यायचा आणि इंग्रजी चारचा 'द' आणि एकाचा काना करून 'दादा' लिहायचं. आठ-शून्य-पाच-पाच म्हणजे 'बॉस'. दोन-एक-चार म्हणजे 'राम'. नियम पहिल्यापासून स्पष्ट होता, अक्षरं इंग्रजी, आकडे नेहमीचे, मोटारीवर उंची ६५ मिलिमीटर, जाडी १०. तरी 'दादा' दिमाखात फिरत होते. २०१९ च्या दुरुस्तीत किरकोळ दंड शंभराचा पाचशे झाला, पण 'दादा'साठी पाचशे म्हणजे काय! मला यात एक गोष्ट खरंच रंजक वाटते. 'दादा' लिहिणाऱ्याचा वाचक पोलीस नव्हताच. त्याचा वाचक गावातला दुसरा माणूस. सरकारने पाटी एका वाचकासाठी बनवली, मालकाने ती दुसऱ्यासाठी रंगवली.

आता येऊ खेड-शिवापूरला.

पुणे-सातारा रस्ता सहापदरी करायचं काम खासगी कंपनीला दिलं आणि २०१० च्या सुमारास टोल सुरू झाला. काम काही वर्षांत संपायचं होतं. ते रखडत गेलं. उड्डाणपूल अर्धवट, सर्व्हिस रोड गायब, पावसात खड्डे. टोल मात्र एक दिवस रखडला नाही. शहरातून महाबळेश्वरला जाणाऱ्याला टोल वर्षातून चार वेळा लागतो, तो शिव्या देतो आणि विसरतो. पण वरवे, शिवरे, कापूरहोळ, नसरापूर इथल्या माणसाचं काय? त्याचा दवाखाना पुण्यात, पोरांचं कॉलेज पुण्यात, भाजीचा टेम्पो पुण्याच्या मार्केटला. तालुका भोर असला तरी पोटापाण्याची दिशा उत्तरेची, आणि मध्ये नाका. ज्या रस्त्यासाठी आजूबाजूच्या गावांच्या जमिनी गेल्या, त्याच रस्त्यावर त्याच गावांनी पैसे मोजायचे.

मग 'टोलनाका हटाव' कृती समिती उभी राहिली. त्यांचा मुद्दा नुसता भावनिक नव्हता. २००८ चे केंद्राचे टोल नियम आहेत. त्यात लिहिलंय की नाका महापालिकेच्या हद्दीपासून साधारण दहा किलोमीटरच्या आत नसावा, अपवाद करायचा तर कारणं लेखी द्यावी लागतात. पुणे महापालिकेची हद्द तर गावं पोटात घेत दरवेळी फुगतेय. २०१७ ला अकरा गावं, २०२१ ला आणखी तेवीस. नाका जागेवरच, शहर मात्र त्याच्याकडे चालत येतंय.

२०२० च्या फेब्रुवारीत नाक्यावर मोठं आंदोलन झालं, सगळ्या पक्षांचे लोक रस्त्यावर बसले. तोडगा निघाला तो असा: एमएच-१२ आणि एमएच-१४ गाड्यांना टोल नाही.

थांबा, जरा विचार करा यावर. नाका हटला नाही. नियम बदलला नाही. २००८ च्या नियमांत सूट कुणाला आहे याची यादी आहे, राष्ट्रपतींपासून रुग्णवाहिकेपर्यंत. त्यात 'एमएच-१२' असं कुठेही नाही. नाक्यापासून वीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला स्वस्तात महिन्याचा पास मिळतो, मूळ दर दीडशे रुपये होता, आता तो वाढत दुपटीच्या पुढे गेलाय. पण पास म्हणजे सूट नव्हे. मग ही सूट नेमकी कुठे होती? ती होती बूमच्या अलीकडे, केबिनमधल्या पोराच्या डोळ्यात. त्याने पाटी बघायची, 'बारा' दिसलं की बूम वर. गाडीवाल्याने काच खाली करून "लोकल!" म्हणायचं, तो आरसी मागणार, हा दाखवणार, थोडी बाचाबाची, मागून हॉर्न, आणि गेली गाडी. 'मी इथला' हे पाटीवरचे दोन आकडे सांगत होते, आणि ते वाचायला समोर माणूस होता.

इथे इतिहासातली एक आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे चौकीवर जकात न भरता माल न्यायचा तर 'दस्तक' लागायचं, म्हणजे परवानगीची चिठ्ठी. १७१७ साली मुघल बादशहा फर्रुखसियरने ईस्ट इंडिया कंपनीला बंगालमध्ये करमाफी दिली आणि कंपनीची दस्तकं चौक्यांवर चालू लागली. मग कंपनीच्या नोकरांनी ती स्वतःच्या खासगी मालासाठी वापरली, दुसऱ्यांना विकली. देशी व्यापारी जकात भरतोय आणि शेजारून गोऱ्याच्या नावाची होडी फुकट जातेय. शेवटी नवाब मीर कासिमने वैतागून सगळ्यांचीच जकात माफ केली, आणि त्यावरूनच कंपनीशी लढाई जुंपली, जी १७६४ ला बक्सारला संपली. चिठ्ठी एवढीशी असते, पण नाक्यावर ती कुणाच्या हातात आहे यावर राज्यं पालटलीत. एमएच-१२ ला मी दस्तक म्हणत नाही, इथे सूट मागणारे गोरे नव्हेत, जमिनी दिलेले लोक आहेत. पण हिंजवडीत राहणारा, एमएच-१४ पासिंगची मोठी गाडी घेऊन वीकेंडला पाचगणीला निघालेला माणूसही त्याच सुटीत बसतो, आणि वरव्यात दहा वर्षं राहणाऱ्या, साताऱ्याहून आलेल्या, एमएच-११ ची जुनी गाडी असलेल्या माणसाला मात्र ती मिळत नाही. पाटी सांगते गाडी कुठे नोंदली, माणूस कुठे राहतो ते नाही. ही या तोडग्यातली खोट होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि मग वाचणारा बदलला.

फास्टॅगचा प्रयोग २०१४ ला अहमदाबाद-मुंबई पट्ट्यात सुरू झाला होता. १ डिसेंबर २०१७ पासून नव्या चारचाकीला तो विकतानाच लागू लागला. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून सगळ्या लेन फास्टॅगच्या झाल्या, नसेल तर तेव्हा दुप्पट टोल लागायचा. खेड-शिवापूरच्या आंदोलनाला तेव्हा बरोबर एक वर्ष झालं होतं.

फास्टॅगची जागा बघा आता. डावा कोपरा नाही. काचेच्या मध्यभागी, वरती, आरशाच्या मागे, आतून. कारण याला वाचणारा फुटपाथवर उभाच नाही. तो लेनच्या वर, खांबावर टांगलेला अँटेना आहे. टॅगमध्ये बॅटरी नसते. अँटेना रेडिओ लहरी सोडतो, त्या लहरींच्याच जोरावर टॅगमधली चिप क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. म्हणून टॅग वर, मध्ये आणि सपाट हवा. डॅशबोर्डवर पडलेला, खिशातल्या पाकिटातला टॅग कधी वाचला जातो, कधी नाही, आणि कधी शेजारच्या लेनमध्येच वाचला जातो. काही गाड्यांच्या काचेत उष्णता अडवणारा धातूचा थर असतो. त्या काचेवर टॅगसाठी कंपनी वेगळी खिडकी सोडते, ठिपके-ठिपके असलेली जागा दिसते ना, तीच.

आता प्रश्न उभा राहिला. अँटेनाला एमएच-१२ दिसत नाही. त्याला 'लोकल!' ऐकू येत नाही. टॅग वाचला, बँकेला विचारलं, पैसे गेले, मोबाईलवर मेसेज. केबिनमधल्या पोराशी वाद घालेपर्यंत शंभराच्या वर रक्कम कटलेली. ज्या सुटीसाठी लोक रस्त्यावर बसले, ती सूट काचेवरच्या एका स्टिकरने वादात सापडली, आणि पुन्हा निवेदनं, पुन्हा आंदोलनाचे इशारे सुरू झाले.

मग स्टिकर कुठे लावायचं, हा प्रश्न नुसता गाडी सजवायचा राहत नाही. ज्याला सूट हवी, त्याला टॅग काचेवर चिकटवायची भीती. तो ठेवायचा ड्रॉवरमध्ये. लांबच्या प्रवासाला काढायचा, हातात धरून काचेला टेकवायचा. आता हे फक्त खेड-शिवापूरलाच होत होतं असं नाही, देशभर लोक टॅग हातात धरत होते, कुणी एकच टॅग दोन गाड्यांना वापरायला, कुणी लहान गाडीचा टॅग मोठ्या गाडीला दाखवायला. त्यामुळे हायवे प्राधिकरणाने जुलै २०२४ मध्ये सांगितलं, टॅग काचेवर चिकटवलेला नसेल तर दुप्पट टोल. जुलै २०२५ मध्ये त्याही पुढे गेले, असे सुटे टॅग थेट ब्लॅकलिस्ट करायचे. प्राधिकरणाचं म्हणणं मला पटतं, सुट्या टॅगमुळे लेन तुंबते आणि चोरीही होते. पण त्याच नियमात ज्याची सूट तोंडी होती त्याचाही बळी जातो. तोंडी सूट मशीनला शिकवायची तर ती आधी लेखी करावी लागते, यादीत गाडीचा नंबर टाकावा लागतो. ते काम अँटेनाचं नाही, ते माणसांचं आहे, आणि ते टेबलावर बसून करायचं असतं, बूमपाशी नाही.

१५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी गाड्यांसाठी वर्षाचा पास आलाय, २०२५ मध्ये त्याचा दर होता ३,००० रुपये, त्यात २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. तेव्हा एका नाक्यामागे पंधरा रुपये पडायचे. रोज जाऊन-येऊन दोन फेऱ्या धरल्या तर शंभर दिवसांत पास संपतो, त्यामुळे रोज पुण्याला जाणाऱ्या वरवेकराला महिन्याचा लोकल पास स्वस्त की हा, हे त्याने स्वतः हिशेब करून बघावं. पण या पासची एक अट ऐका: टॅग काचेवर नीट चिकटवलेला हवा आणि गाडीच्या नंबराशी जोडलेला हवा. फिरून आपण तिथेच.

आणि शेवटची बातमी. याच एनएच-४८ वर, वर गुजरातेत, सुरतजवळ चोर्यासीच्या नाक्यासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये बिनबूमच्या टोलचा करार झाला. गाडी थांबणारच नाही, वरून कॅमेरा नंबर प्लेट वाचणार आणि अँटेना फास्टॅग. म्हणजे एकशे तीस वर्षं फिरून वाचक परत पाटीकडे आलाय, फक्त आता तो धूळ खात नाही. ही पद्धत याच रस्त्याने खाली खेड-शिवापूरपर्यंत आली तर केबिनच राहणार नाही. "लोकल!" कुणाला म्हणायचं मग?

तोवर कामाचं थोडं. तिसऱ्या प्लेटचं स्टिकर डाव्या वरच्या कोपऱ्यात, आतून. फास्टॅग आरशामागे, आतून, काच आधी कोरडी पुसून, बोटाने हवा काढून. दोघांवर काळी फिल्म किंवा 'आशीर्वाद' येऊ देऊ नका. गाडी विकताना फास्टॅग बंद करा, नाहीतर नवा मालक कोकणात जाईल आणि मेसेज तुम्हाला येईल. काच बदलली तर तिसरी प्लेट फाटते, तेव्हा नवीन मागून घ्या, गॅरेजवाला स्वतःहून सांगत नाही.

आणि हो, ती टॅक्स टोकनची गोल डबी! कुणाच्या घरी जुन्या गाडीला शिल्लक असेल, आणि आत टोकन असेल तर फारच भारी, फोटो काढून पाठवा. डबी कुठल्या बाजूला लावली आहे तेही लिहा. डावीकडे असेल असा माझा अंदाज आहे. पुढच्या भागात भेटू.